मशीनखालच्या विटा

वर्गात तिला सगळे मावशी म्हणत. बाकीची पोरं एकोणीस-वीसची आणि ही पन्नाशीला टेकलेली, तेव्हा दुसरं काय म्हणणार? सर तिच्याहून आठ वर्षांनी लहान. हजेरी घेताना एकदा तेही ‘मावशी’ म्हणून गेले आणि मग आठवडाभर तिच्या नजरेला नजर देईनात.

मावशीचा धंदा शिवणकामाचा. सकाळी नऊ ते चार लोकांचे कोट, पडदे, शाळेचे गणवेश. संध्याकाळी पाच ते आठ इतिहास. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मशीनवर बसली, तेव्हा ‘पुढच्या वर्षी परत जाईन’ असं म्हणाली होती. ते पुढचं वर्ष उजाडायला तीस वर्षं लागली. पदवीचे सगळे पेपर तिने एका दमात सोडवले. राहिला होता तो एक प्रकल्प, आणि त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की नाव कायमचं कमी, असा कॉलेजचा नियम. शुक्रवार हा शेवटचा दिवस.

प्रकल्प ऐकायला अगदी सोपा. ऐंशी वर्षांपूर्वीचा गावाचा नकाशा कॉम्प्युटरवर चढवायचा, आजच्या नकाशावर बसवायचा, आणि नाहीशी झालेली एखादी जागा आज नेमकी कुठे येते ते दाखवायचं. मावशीने शिंपीगल्ली निवडली. तिची आई लग्नाआधी तिथेच मशीन चालवायची. साठ वर्षांपूर्वी ती गल्ली पाडली. ती कुठे होती यावर गावात तीन मतं होती आणि तिन्ही मतांची माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

घोडं अडलं ते नकाशे जुळवणाऱ्या प्रोग्रामपाशी. पहिल्या खेपेला मावशीने दोन आकडे उलटे भरले, तर अख्खं गाव समुद्रात.

“आई, बुडवलंस गं सगळ्यांना!” लेक म्हणाली. लेक कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवरच काम करायची, त्यामुळे तिला आईची कीव करायचा परवाना होता.

दुसऱ्या खेपेला गाव जमिनीवर आलं, पण पालथं. जुना तुरुंग नेमका आजच्या शाळेवर बसला. वर्गातल्या पोरांना त्यात काहीच चूक दिसली नाही. सरांना दिसली, आणि मावशी दुसऱ्यांदा नापास झाली.

आता तिसरी खेप. प्रोग्रामला गावातल्या न हललेल्या चार जागा लागत होत्या, टाचण्या मारायला. मावशीने पाण्याची टाकी, पूल, घड्याळाचा मनोरा आणि तुरुंग घेतले. तीन बसले. चौथा म्हणजे पूल, तो काही बसेना. चादरीचा एक कोपरा खोचावा आणि समोरचा निघावा, तसं चाललं होतं. पूल नीट बसवला की टाकी उडे, टाकी बसवली की तुरुंग पळे. तुरुंग पळालेला तर ती पहिल्यांदाच बघत होती. आणि दर वेळी पडद्यावर तेच वाक्य, फार सभ्य भाषेत: ‘आपली चूक १४ मीटर आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

“माझी चूक?” मावशी पडद्याला म्हणायची. “मी काढलाय का हा नकाशा?”

चालणार होती पाच मीटरपर्यंतची चूक. मावशीने अकरा दिवसांत दोनशे सहा वेळा प्रयत्न केला. चौदाचे साडेतेरा होईनात की साडेचौदा होईनात. ती अगदी टेकीला आली. बुधवारी तिने सरांना गाठलं.

“सर, माझं काही चुकत नाहीये. काहीतरी गावाचंच वेगळं आहे.”

“बाई, याच प्रोग्रामवर दरवर्षी दीडशे मुलांचे आपापल्या गावांचे नकाशे जुळतात,” सर म्हणाले. “नाचता येईना, अंगण वाकडं, असं करू नका. मी निघतो, मला जरा वर जायचंय, स्टेडियमवर.”

असं म्हणून सर गेले. त्यांच्या अंगात मावशीनेच पोटावर दोनदा सैल करून दिलेला कोट होता, आणि ती दोन्ही वेळा ‘कापड आटलं असेल’ असं म्हणाली होती. माणसाने माणसाला किती सांभाळून घ्यावं!

गुरुवारी दुपारी मावशीने गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. आजवर तिचं एकदाही असं झालं नव्हतं की एखादी गोष्ट दुसरीवर बसवायची आहे आणि तिला ती बसवता आली नाही. तिने आजचा नकाशा मोठा छापून इस्त्रीच्या टेबलावर पसरला. जुना नकाशा त्याच मापात अस्तराच्या पातळ कापडावर उतरवला. मग टाचण्या काढल्या, खऱ्याखुऱ्या. टाकी. मनोरा. तुरुंग. पूल. चारही ठिकाणी कापड टोचून घट्ट बसवलं.

आणि मधोमध कापड फुगून वर आलं.

मावशीने तळव्याने दाबलं तर ते शेजारी फुगलं. इस्त्री फिरवली तर इस्त्रीमागून उठलं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. हे असलं तिने हजारदा पाहिलं होतं. पोटवाल्या माणसाचा शर्ट टेबलावर सपाट पसरा, बरोबर असाच उठतो. त्यात कापडाची चूक नसते आणि शिंप्याचीही नसते. ज्याचं माप घेतलं, तो फुगीर असतो.

“आई, तिथे टेकडी होती असं म्हणायचंय का तुला?” लेक म्हणाली. ती ऑफिसला दांडी मारून आईची शेवटची फजिती बघायला थांबली होती. “अगं, तिथे स्टेडियम आहे. ताटासारखं सपाट.”

मावशीने जुन्या नकाशाची मूळ प्रत काढली. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची एक ओळ होती, ती तिने कॉम्प्युटरवर चढवताना निरुपयोगी म्हणून कापून टाकली होती. ‘साखळी जमिनीलगत धरून मोजले.’ म्हणजे मोजणी करणाऱ्या त्या बिचाऱ्याने साखळी चढावरून वर ओढली, उतारावरून खाली आणली आणि जेवढी भरली तेवढी कागदावर मांडली. त्याने टेकडीसुद्धा मोजली होती. फक्त टेकडी काढली नव्हती.

तेवढ्यात आजी, म्हणजे मावशीची आई, काठी टेकत टेबलापाशी आली. वय एक्याऐंशी. ऐकू कमी यायचं, पण बोलणं काही कमी झालं नव्हतं. तिने फुगलेल्या कापडावर बोट ठेवलं.

“हां. इथंच. इथंच माझं मशीन घसरायचं.”

“आई, तिथे टेकडी होती?”

“कसली टेकडी? जरा वर होतं, एवढंच. गल्ली पाडली तेव्हा तेही खणून सपाट केलं. आम्ही ‘वर’च म्हणायचो.”

“वर?” लेक म्हणाली. कारण गावात सगळे अजून तेच म्हणत. वर स्टेडियमवर, वर तिकिटांच्या रांगेत. ताटासारख्या सपाट रस्त्याने जाताना साठ वर्षं अख्खं गाव ‘वर’ जात होतं आणि कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. सरांच्याही नाही.

मग मावशीचं लक्ष मशीनकडे गेलं.

मशीन आईचंच, गल्लीतून आलेलं. त्याच्या पुढच्या दोन पायांखाली कडेवर उभ्या केलेल्या दोन विटा होत्या. सोळाव्या वर्षापासून मावशी त्या तिरक्या मशीनवर शिवत आली होती. रीळ ठेवावं तर घरंगळत भिंतीशी जावं, खडू ठेवावा तर तोही जावा. किती वेळा ती चिडली होती, किती वेळा विटा काढायला निघाली होती! आणि दर वेळी आई ओरडली होती, “हात लावू नकोस! विटा काढल्या की मशीन घसरतं.” मावशीने ते आधी हट्ट म्हणून सोडून दिलं, नंतर वय झालं म्हणून. गिऱ्हाइकांसमोर ती आईच्या त्या विटांवर हसलीसुद्धा होती. आणि त्या विटा तर गल्लीतल्या चढावर मशीन सपाट राहावं म्हणून लावलेल्या होत्या. आता तिला त्या हसण्याची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

“काय झालं गं?” आजीने विचारलं.

“काही नाही. विटा एक दिवस देशील का मला?”

आजीने आधी नाही म्हटलं. मग बराच वेळ नाही म्हटलं. शेवटी म्हणाली, “उद्या संध्याकाळी परत पाहिजेत.”

शुक्रवारी मावशी सरांच्या टेबलापाशी गेली. अस्तराचं कापड पसरलं. फुगीर भागाचं जास्तीचं कापड दुमडून तिने नीट टक घालून शिवलं होतं, त्यामुळे पूलही जागेवर होता आणि टाकीही. शिंपीगल्ली स्टेडियमच्या पूर्वेकडच्या तिकीटखिडकीखाली आली होती.

“बाई, नकाशाला टक घालता येत नाही,” सर म्हणाले.

“तुमच्या कोटाला किती आहेत ते आत बघा.”

सरांनी कोट उलटून पाहिला. चार होते. सरांनी कोट पुन्हा नीट केला आणि बटण लावलं.

“पण पुरावा?”

मावशीने पिशवीतून दोन विटा काढून टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सरांनी पट्टी मागितली. मावशीने गळ्यातली टेप दिली. वीट कडेवर उभी धरली की उंची अकरा सेंटीमीटर. मशीनच्या पुढच्या आणि मागच्या पायांतलं अंतर मावशीला पाठच होतं: चव्वेचाळीस. सरांनी कागदावर त्रिकोण काढला, चार पावलांना एक पाऊल चढ मांडला, घड्याळाच्या मनोऱ्यापासून पुलापर्यंतचं अंतर त्या चढाच्या हिशोबाने वाढवलं आणि वजाबाकी केली. मग तीच वजाबाकी पुन्हा केली.

“चौदा मीटर,” सर म्हणाले.

“अंगण वाकडंच होतं, सर.”

सरांनी कॉम्प्युटर उघडला. ‘चूक किती’ या रकान्यात पाचच्या वरचा आकडा प्रोग्राम घेईना. तेव्हा सरांनी तिथे शून्य घातलं आणि शेऱ्यात लिहिलं, ‘चूक विद्यार्थिनीची नाही, प्रोग्रामचीही नाही. टेकडी होती.’ मग दोन्ही विटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, परिशिष्ट एक आणि परिशिष्ट दोन, आणि विभागाचे शिक्के मारले.

ते शिक्के नडले. शिक्का मारलेलं परिशिष्ट निकालाआधी परत देता येत नाही, असं कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं. मावशी हात जोडून म्हणाली, “अहो, आई वाट बघत असेल.” कारकून म्हणाला, “विटांची?” आणि कपाट बंद केलं.

निकालाला एकवीस दिवस लागले. तेवढे दिवस घरातलं मशीन पहिल्यांदाच सरळ उभं होतं. मावशीला वाटलं होतं की आता सुख लागेल, पण तिची एक शिवण सरळ येईना, आणि आजी तर मशीनला पाय लावेना. येताजाता मशीनच्या टेबलाची कड धरून उभी राहायची. “घसरेल,” म्हणायची.

बाविसाव्या दिवशी मावशी पिशवी घेऊन घरी आली. आजी टेबलाची कड धरूनच उभी होती.

“पास झालीस?”

“झाले.”

“आणि विटा?”

मावशी खाली बसली. लेकीने मशीन उचलून धरलं आणि मावशीने दोन्ही विटा पुढच्या पायांखाली कडेवर सरकवल्या, चिठ्ठ्यांसकट, शिक्क्यांसकट. मग आजीने टेबलाची कड सोडली.

“तरी मी सांगत होते, मशीन घसरतं म्हणून.”

“सांगत होतीस, आई,” मावशी म्हणाली. “आम्ही ऐकलं नाही.”

आजी स्टुलावर बसली आणि तिने पांढरं रीळ टेबलावर ठेवलं. ते घरंगळत भिंतीशी गेलं. मावशीने ते उचललं नाही, नुसतं जाताना पाहिलं.