आईने बघितलेला शेवटचा एपिसोड

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये नारळ-लिंबाचे सल्ले नकोत. भूतखेत, करणी, अंगात येणं... यावर माझं पोट वीस वर्षं चाललंय आणि माझा त्यावर काडीचाही विश्वास नाही. मी मालिका लिहिते. गेली सहा वर्षं निर्मातीही आहे. टीआरपी पडला की पिंपळाखाली पांढरी साडी उभी करणारी बाई ती मीच! त्यामुळे खालचं सगळं रचलेलं वाटलं तर तुमचा दोष नाही. पण रचायचंच असतं ना, तर मी याहून बरं रचलं असतं.

माहेर कोपरगावपासून आठ-नऊ किलोमीटरवर, उसाच्या रानातली वस्ती. आई, भाऊ, वहिनी. कॉलेजात एकांकिका केल्या, मुंबईला गेले, पहिली चार वर्षं दुसऱ्यांच्या नावावर संवाद लिहिले. मग माझं नाव पडद्यावर यायला लागलं आणि माझं घरी जाणं कमी कमी होत बंदच झालं. रोजची मालिका म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही — नट मेकअपला बसलेला असतो आणि मी त्याचा सीन मोबाईलवर टाइप करत असते. दिवाळी, भाच्याचं बारसं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन... सगळ्याला माझं एकच उत्तर, "पुढच्या महिन्यात नक्की."

आई रोज संध्याकाळी मालिका बघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन करायची.

"काल त्या जावेला लई कडू बोलाया लावलंस. डोकं दुखतंय का तुजं?"

खरंच दुखत असायचं.

"तुज्या शिरेलीतनंच तुजी खुशाली कळती बाई," म्हणायची. "तू कुठं काय सांगतीस."

माझी स्वतःची म्हणावी अशी मालिका एकच. तिची नायिका मालती. गाव सोडून शहरात आलेली, घरी जायचं जायचं म्हणत राहिलेली. गेल्या उन्हाळ्यात चॅनेलने चार दिवस आधी कळवून ती बंद केली. मालती एसटी स्टँडवर उभी, हातात पिशवी... आणि संपलं! असा संताप आला होता म्हणून सांगू!

सेटिंगवाले भिंती उतरवत होते. मी तिथेच एका खोक्यावर बसून शेवटचा एपिसोड वहीत हाताने लिहून काढला. कुणासाठीच नाही, माझा मला. मालती भर दुपारी एसटीतून उतरते. तिची म्हातारी दारात बाजरी पाखडत असते. लेकीला बघून तिच्या हातातलं सूप सांडतं. ती काही विचारत नाही, आत जाऊन भाकरी थापते. मालती जेवता जेवता म्हणते, "आई, मी रोज निघत होते गं. पोचत नव्हते." आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. म्हातारी बघत उभी राहते. वही पर्समध्ये टाकली. कुणाला दाखवली नाही, फोटोसुद्धा काढला नाही.

दोन दिवसांनी, साडेनऊला, मी रिक्षात. आईचा फोन.

"बघितला गं शेवट."

"कुठला शेवट? आई, मालिका बंद झाली. आता लागत नाही ती."

"मग काल काय बघितलं म्या? आली की मालती घरी. म्हातारीच्या हातनं सूप सांडलं, समदी बाजरी मातीत."

मी रिक्षा बाजूला घ्यायला लावली.

"रोज निघत हुते, पोचत न्हवते, असं म्हनली. लई रडले बाई मी."

मी पर्समधून वही काढली. शब्द न् शब्द तोच.

"पर एक न्हाई पटलं," आई म्हणाली. "म्हातारीनं जाऊ कशी दिली तिला? थांब म्हनाया काय झालं हुतं?"

तशीच रिक्षा एसटी स्टँडकडे वळवली. चार वर्षांनी मी 'पुढच्या महिन्यात' न म्हणता घरी निघाले. वस्तीवर पोचेपर्यंत दिवस कलला होता. वहिनी दारातच भेटली. म्हटलं, काल आईने टीव्हीवर काय बघितलं?

"टीव्ही कुठला ताई? डीपी जळालाय. आज पाच दिवस झाले, वस्तीवर लाईटच न्हाई. फोन बी कोपरगावला नेऊन चार्ज करतोय आमी."

आईला खोदून खोदून विचारलं. "दिसलं म्हनून सांगितलं," म्हणाली. टीव्हीवर? "आन् मग कुठं दिसतंय?" वर चिडलीच माझ्यावर. मग तिने भाकरी थापली, मी चुलीशी बसून खाल्ली. दोन दिवस राहिले. किती बरं वाटलं काय सांगू... तिच्या पायाशी झोपले मी, या वयात.

तिसऱ्या दिवशी नव्या मालिकेच्या मीटिंगचा फोन आला. आई रस्त्यापर्यंत सोडायला आली. काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलंही होतं. माझं लक्ष मोबाईलमध्ये. "पुढच्या महिन्यात येते," मी म्हणाले. ती म्हणाली, "व्हय."

दिवाळीच्या आधी गेली. झोपेतच. मी मीटिंगमध्ये होते.

आता तुम्ही म्हणाल योगायोग, कुणी म्हणेल टेलिपथी. मी फोनवर बोलून गेले असेन असंही एकाने सुचवलं. नाही हो, एक अक्षर बोलले नव्हते. सगळे धागे तपासून बघितले, तो माझा धंदाच आहे. उत्तर नाही सापडलं.

तेराव्यानंतर मुंबईला आले आणि तो शेवट खोडला. नवा लिहिला. त्यात मालती निघते तेव्हा म्हातारी तिचा हात धरते, "थांब" म्हणते, आणि मालती पिशवी खाली ठेवते. हाही कुणाला दाखवलेला नाही. रोज साडेनऊला फोन समोर ठेवून बसते. वेडेपणा आहे, मला कळतंय.

चार महिने झाले. अजून आलेला नाही.