सोजराबाईची बंद पेटी

सरकारचा माणूस दारात आला की सोजराबाई आधी त्याच्या हातांकडे बघायची. सरकार कधी काही द्यायला येतं, यावर तिचा विश्वासच नव्हता. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण तिच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. म्हणून, धामणगाव बढ्याच्या दवाखान्यात सुइणींना शिकवणार आहेत असा निरोप शिपायानं आणला, तेव्हा तिनं नवऱ्याला, उकंडरावला, सरळ विचारलं, "आमाले शिकवून राह्यले का पकडून राह्यले?"

"जाऊन तं पाह्य," उकंडराव म्हणाला.

गेली, पण बसली दाराजवळ; वेळ आली तर पळता यावं. शिकवणारी नर्स स्नेहलताबाई बुलढाण्याची, पांढऱ्या साडीतली, सोजराच्या लेकीच्या वयाची आणि बिनलग्नाची. जिनं कळ सोसली नाही ती काय सांगणार, म्हणून सोजरा कान टवकारून तिची चूक शोधत बसली. चूक सापडेना, तसा संशय आणखीच वाढला. नर्सबाई म्हणत होती, पोट दाबू नका, ओढाताण करू नका, घाई करू नका. बाईला उकिडवं बसावंसं वाटलं तर बसू द्या, फिरावंसं वाटलं तर फिरू द्या. साधं बाळंतपण घरी तुम्हीच करा. पण रक्त थांबेना, पोराचा हात आधी आला, बाईला झटके आले, तर लगेच गाडी जुंपा. हे तर सोजरा जन्मभर करत आली होती! आपलंच आपल्याला गोड बोलून परत देणारी माणसं शेवटी काहीतरी काढून घेतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ते आलंच. नाळ विळ्यानं कापायची नाही आणि तिला राख लावायची नाही, असं नर्सबाई म्हणाली. दातखीळ बसून पोरं जातात ती सटवी नेत नाही; तो धनुर्वात असतो, आणि तो नाळेतून शिरतो.

सोजरा दाराकडे आणखी सरकली. तिच्या लेकीचं, रुख्मिणीचं, पहिलं पोर आदल्या वर्षी असंच गेलं होतं. सातव्या दिवशी जबडा मिटला, दूध ओढेना, अंग लाकडासारखं ताठ. नाळ सोजरानंच कापली होती, घरच्या विळ्यानं. सटवीनं नेलं, असं सगळं गाव म्हणालं आणि सोजराही म्हणाली. आता ही कालची पोर सांगत होती की आजीनं मारलं! सोजरानं मनातल्या मनात तिला नाही नाही ते सुनावलं. जाताना प्रत्येकीला एक ॲल्युमिनियमची पेटी मिळाली. आत पातं, दोरा, साबण; पातं-दोरा उकळून वापरेपर्यंत झाकून ठेवायचे, असं बजावलं. सोजरानं ती घरी आणून फडताळात मागं ढकलून दिली.

काही महिन्यांनी रुख्मिणी पुन्हा बाळंतपणाला माहेरी आली. पाय धुतले न धुतले तोच म्हणाली, "माय, नर्सबाईची पेटी कुठी हाय?"

सोजराला झोंबलं. "काऊन? माह्या हातावर भरोसा नाई का?"

"हाय. म्हून तं विचारलं."

हे सरळ बोलणं की टोमणा, ते सोजराला कळेना. त्या दिवसापासून ती पोटच्या लेकीकडे चोरून बघू लागली. पेटी मात्र तिनं बाहेर काढली.

कळा सुरू झाल्या तशी सोजराची जाऊ मंजुळाबाई मदतीला धावली आणि रीतीप्रमाणे तिनं घर मोकळं केलं. बाई अडू नये म्हणून त्या वेळी घरात काही बंद ठेवत नाहीत. कणगीचं तोंड, डब्यांची झाकणं, ट्रंकेचं कुलूप, रुख्मिणीची वेणी, सगळं तिनं सोडलं. सोजरानं पातं आणि दोरा उकळून पेटीत झाकून ठेवले होते. मंजुळाबाईनं पेटीही उघडली. वर धाब्याच्या छताची माती झडत होती, खाली कोंबड्या हिंडत होत्या. सोजरानं सगळं पुन्हा उकळलं आणि झाकण घट्ट लावलं.

मंजुळाबाई कडाडली, "घरात एक झाकन बंद ठेवतं व्हय? पोरगी अडली तं कोनाच्या नावानं रडू?"

आजवर दुसऱ्यांच्या घरची कुलपं सोजरानंच उघडायला लावली होती. आणि झालंही तसंच, कळा मंदावल्या. मंजुळाबाई एकदा पेटीकडे बघे, एकदा सोजराकडे. नर्सनं आपल्याला फसवलं, एका डब्यापायी लेक हातची जाते, असं सोजरालाही वाटू लागलं. तिचा हात झाकणाकडे गेला.

"राहू दे, माय," भिंतीला धरून उभी राहिलेली रुख्मिणी म्हणाली. "बंदच राहू दे. मले फिरू दे जरासं."

ती फिरली, बसली, पुन्हा फिरली. दिवस कलताना पोरगा झाला. सोजरानं नाळ पात्यानं कापली, दोऱ्यानं बांधली, आणि राखेकडे गेलेला हात मागं घेतला. मंजुळाबाईनं वर बघून हात जोडले आणि ती एकेक झाकण पुन्हा लावू लागली.

मग सुरू झाली पाळत. पोराला न्हाऊ घालताना सोजरा मध चाटवायच्या निमित्तानं तोंडात बोट घालून जबडा बघायची. "दूध ओढते का?" असं विचारायची, आणि "हाव" म्हटलं तरी खात्री करायला समोर बसून राहायची. सातवा दिवस उजाडला आणि मावळला. आठव्या दिवशी पोरानं हिरड्यांत बोट असं आवळलं की सोजराला हसू फुटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा पडला. हे जगलं, म्हणजे नर्स खरं बोलत होती. म्हणजे तेही जगलं असतं.

"रुखमे," ती खाली बघत म्हणाली, "मागचं सटवीनं नाई नेलं."

"मले माहीत हाय."

"कवापासून?"

"नर्सबाई आमच्या गावात बी आली व्हती. तिनं सांगतलं तवापासून."

"मंग काऊन आली माह्यापाशी? दवाखान्यात जायचं व्हतं!"

रुख्मिणीनं पोराला पदराखाली घेतलं. "ती म्हने, दवाखान्यात ये नाई तं मायकडे जा, तूच ठरव. लय भेव वाटलं, माय. पन मी दुसरीकडं गेली असती, तं तू पुन्हा कोनाच्याच पोराले हात लावला नसता."

त्या गेलेल्या नातवासाठी सोजराबाई त्या दिवशी मोठ्यानं रडली, आणि रुख्मिणीनं तिला गप्प केलं नाही.