राहू द्या, वहिनी

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी चहा गाळत होते. फोनवर ठाकुर्लीची सविता होती, कुमुदच्या शेजारच्या खोलीत राहणारी. "काकू, मी दूध द्यायला गेलेली... मावशी दार उघडतच नव्हत्या. मग यांनी खिडकीतून हात घालून कडी काढली." गाळणं माझ्या हातात तसंच राहिलं. रिया, नील, तुमची आत्याआजी गेली ती अशी, एकटी. त्याला आता पाच आठवडे झाले. तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे की तिचं हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा, वय होतं. हे सगळं खरं आहे. पण एक गोष्ट बाबांनाही माहीत नाही. आदल्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे जायला हवं होतं की नव्हतं, हा प्रश्न मला पाच आठवडे झोपू देत नाही, जेवू देत नाही. तुम्ही मराठी हळू वाचता, म्हणून शक्य तितकं सरळ लिहिते.

कुमुद म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा ती परकर-पोलक्यातून नुकती साडीत आली होती. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, शाळेत इंग्रजी शिकवणारी. माझ्या कपाटात रुमालसुद्धा रंगाप्रमाणे लावलेले असायचे. ती दारात उभी राहून ते बघायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. लग्नानंतर सहाव्या वर्षी तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत ये म्हटलं तर आली नाही. ठाकुर्लीतच एका खोलीत राहून ती शिवणकाम करू लागली, मग हौशी नाटकवाल्यांचे कपडे सांभाळू लागली आणि तिथून, चाळिशीच्या आसपास, सिनेमात गेली. सिनेमात म्हटलं की लोकांचे डोळे चमकायचे. मीही कोणाला ओळख करून देताना म्हणायचे, "आमच्या कुमुदताई, कॉस्च्युम डिझायनर आहेत." ती लगेच दुरुस्त करायची, "डिझायनर नाही हो, मी कपडे मळवते."

तेच तिचं काम होतं. पडद्यावरचा गरीब माणूस दुकानातून आणलेल्या कोऱ्या शर्टात गरीब दिसत नाही; तो शर्ट दहा वर्षं अंगावर वागवल्यासारखा दिसावा लागतो, आणि ती दहा वर्षं कुमुद दहा दिवसांत आणायची. चहाच्या पाण्यात उकळायचं, काखेत आणि पाठीवर घामाचे डाग पाडायचे, कॉलरची घडी काचकागदानं घासून विरवायची. खिसे लोंबलेले दिसावेत म्हणून ओल्या कापडाच्या खिशात दगड भरून ती ते दोरीवर टांगायची. एकदा मी तिच्याकडे गेले तर पॅन्टच्या दोन्ही गुडघ्यांत नारळ बांधून ठेवलेले! म्हणाली, "शेतात बसून बसून गुडघे आलेत तिला." जणू पॅन्टलाच संधिवात झाला होता. शिवाय चित्रीकरण उलटसुलट क्रमानं होतं. आज शेवटचा प्रसंग, उद्या पहिला. त्यामुळे कोणत्या प्रसंगात कोणतं बटण तुटलेलं, कोणती बाही किती दुमडलेली, डाग किती वाळलेला, हे सगळं तिच्या वहीत आणि नंतर फोनमधल्या फोटोंत असायचं. लग्नाच्या पंगतीतही ती लोकांच्या कॉलरी बघायची. माझ्या कानात पुटपुटायची, "वहिनी, तो समोरचा डावखुरा आहे. बाहीवर बघा ना शाईचा डाग." मी डोळे वटारायचे. आमच्या घरात पाऊल टाकलं की तिचं एक वाक्य ठरलेलं: "तुमच्याकडे सिनेमा काढायचा तर आधी आठवडाभर घर मळवायला लागेल."

अकरा वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका बंद कारखान्यात तिच्या एका सिनेमाचं काम होतं. सकाळी लवकर पोचायचं असायचं म्हणून ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली. सिनेमा लहान होता. त्यात एक म्हातारा पहारेकरी, आणि त्याच्या अंगावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शर्ट. कुमुदनं असे दोन शर्ट तयार केले होते, तीन आठवडे खपून. तिसऱ्या दिवशी म्हातारा जिन्यावरून पडतो त्या प्रसंगाचा अर्धा भाग झाला, आणि त्यात एक शर्ट फाटला. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या दिवशी करायचा होता, उरलेल्या शर्टावर. तिनं फोटो बघून त्याच्या डाव्या बाहीवर तसाच तेलाचा आणि रक्ताचा डाग केला, आमच्या मागच्या बाल्कनीत तो वाळत टाकला, आणि जेवायला बसताना मला म्हणाली, "वहिनी, तो शर्ट राहू द्या हं, तसाच."

मुलांनो, हे दोन शब्द तुम्हाला समजावून सांगायला हवेत. तुमच्याकडे कोणी नको म्हटलं की नको असतं. आपल्याकडे पाहुणा ताट उचलू लागला की आपण ते त्याच्या हातातून घेतो; तो म्हणतो, "राहू द्या, मी घासतो." आपण त्याला मुळीच घासू देत नाही. आपण त्याच्या पिशवीला हात घातला की तो म्हणतो, "राहू द्या हो." आपण पिशवी घेतोच. न घेतली तर घरी जाऊन तो सांगेल, काय माणसं आहेत! 'राहू द्या' म्हणजे तुम्ही कराल हे मला माहीत आहे, पण मी तुम्हाला कामाला लावलेलं नाही. मी उभा जन्म याच अर्थानं ते ऐकलं आणि म्हटलं. मला वाटलं, बिचारी दिवसभर दमून येते आणि वर माझ्यावर धुण्याचा भार नको म्हणून संकोचते आहे...

पहाटे चारला उठून मी तो शर्ट धुतला. मशीनला टाकला नाही, कॉलर विरलेली होती ना. हातानं, ब्रशनं, गरम पाण्यात. बाहीवरचा डाग जाता जात नव्हता, त्याला लिंबू चोळलं. तिसरं बटण तुटलं होतं, तेही माझ्या डब्यातलं शोधून लावलं. इस्त्रीनं वाळवला, घडी घातली आणि तिच्या बॅगेवर ठेवला. ती आंघोळ करून आली. मी कौतुकाची वाट बघत दारात उभी होते. तिनं घडीवर हात ठेवला, बटण बघितलं, आणि खाली फरशीवर बसली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वहिनी, मी राहू द्या म्हटलं होतं ना?"

मग दोन तास आम्ही दोघी त्या शर्टाच्या मागे लागलो. कुंडीतली माती, चहाची पावडर, खोबरेल तेल, तव्याची काजळी. ती फोनमधला फोटो बघायची, एक बोट टेकवायची, परत फोटो बघायची. मी सारखं विचारत होते, "जमतंय का गं? जमतंय ना?" शेवटी तिनं ओलाच शर्ट पिशवीत घातला आणि निघाली. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "झालं, जमलं." मी देवापुढे साखर ठेवली. त्यानंतर तिला सिनेमाचं बोलावणं आलं नाही. पुन्हा साड्यांना फॉल लावायला बसली, शाळेच्या गणवेशांची कामं घेऊ लागली. मी विचारलं की म्हणायची, "डोळे साथ देत नाहीत हो आता." मी विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

खरं काय ते मला तिच्या दहाव्या दिवशी कळलं. सिनेमात तिच्या कपडे-खात्याचे प्रमुख असलेले वामनदादा भेटायला आले होते. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "बाईंसारखा हात नाही पाहिला. एक चूक झाली, बस. डागाचा आकार जुळला नाही, म्हाताऱ्या नटाला पुढे वेळ नव्हता, तो सगळा प्रसंगच गेला. आम्ही विचारलं, शर्ट धुतला कोणी? तर म्हणाल्या, मीच. झोपेत होते. आता असं उत्तर दिल्यावर मी तरी त्यांना कसा ठेवणार?" मी तिथेच बसले होते. मी धुतला, हे मी त्यांना त्या क्षणीही सांगू शकले नाही. कॉन्व्हेंटात मला खरं बोलायला शिकवलं होतं.

पण मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते याहून वाईट आहे. त्या शर्टानंतर मी मनाशी एक नियम केला होता. कुमुद जे म्हणेल ते शब्दशः घ्यायचं. ती 'भूक नाही' म्हणाली की मी आग्रह करत नसे. 'बसू नका, उशीर होईल' म्हणाली की मी निघत असे. मला वाटायचं, मी सुधारले. अकरा वर्षं मी तो नियम पाळला, माझ्या सगळ्या नियमांसारखाच, काटेकोर.

त्या शनिवारी दुपारी दोन वाजता तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, तुमची दोघांची चौकशी केली, नीलचा दात पडला का विचारलं. मग म्हणाली, "छातीत जरा जड वाटतंय सकाळपासून. पित्त असेल."

"मी येते. टॅक्सी करते, तासाभरात पोचेन."

"राहू द्या, वहिनी. ऊन केवढं आहे."

"नक्की? येऊ का मी?"

"राहू द्या हो. सविता आहे बाजूला."

मी फोन ठेवला. घाबरले नाही असं नाही, पण ती राहू द्या म्हणाली होती, आणि दोनदा म्हणाली होती. मी हिवाळी कपड्यांचं कपाट लावायला घेतलं.

गेल्या आठवड्यात मी तिची खोली आवरायला गेले. मालकांना महिनाअखेरीस खोली हवी आहे. सविता किल्ली घेऊन आली. खोलीत शिलाई मशीनवर गणवेशाची एक बाही अर्धी शिवलेली होती. भिंतीशी तिची चटई. ती कायम जमिनीवरच बसायची, घरात तिनं कधी खुर्ची घेतली नाही, पाय ठेवायला तरी जागा कुठे होती. पण आता खोलीच्या मधोमध एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची होती, दाराकडे तोंड करून. मी विचारलं, ही कोणाची?

"आमची," सविता म्हणाली. "मावशींनी त्या दिवशी मागून नेलेली. अडीच-तीनला आल्या. म्हणाल्या, आमच्या वहिनी येतायत, त्यांना खाली बसवत नाही, गुडघे दुखतात. मी म्हटलं, फोन आला का त्यांचा? तर हसल्या. म्हणाल्या, मी राहू द्या म्हटलंय, पण दुखणं म्हटल्यावर त्या ऐकणाऱ्यातल्या नाहीत, बघ तू, येतीलच."

सविताला काय कळणार; ती सांगतच होती. मावशींनी दार उघडं ठेवलेलं. अंधार पडेस्तोवर उघडंच होतं. तिनं दोनदा विचारलं, डॉक्टरकडे जाऊया का, तर म्हणाल्या, वहिनी आल्या की बघू.

मी त्या खुर्चीवर बसले. समोर दार, दाराबाहेर गॅलरी, गॅलरीत सविताच्या मुलांचे कपडे वाळत होते. कुमुदला इथून जिना चढून येणारं माणूस पहिल्या पायरीपासून दिसलं असतं. ती चटईवर बसली असणार, खुर्ची रिकामी ठेवून. मी सविताला म्हटलं, "तुमची खुर्ची घेऊन जा, तुम्हाला लागत असेल." ती म्हणाली, "घरी पाहुणे आलेत खरं म्हणजे... पण बसा तुम्ही, काकू. उठलात की नेईन."

ती दारात वाट बघत उभी राहिली. मला उठता येईना.