गहिनीनाथनं बैल थांबवला

अख्ख्या शिरूर तालुक्यात गहिनीनाथसारखा फौजी दुसरा दाखवा, त्याचा थोरला भाऊ आसाराम मिशी उतरवून देईल. निळी टोपी घालून आफ्रिकेत गेलता गडी, शांतिसेनेत, दोन टोळ्यांच्या मधी उभं राहायला.

तिथली दोन्हीकडची माणसं गुरं राखणारी. पण ह्या बाजूचं लेकरू बोलायला लागलं की त्याला शिकवायचं, पल्याडचा जन्माचाच चोर. पल्याडबी तेच. मोठमोठ्या देशांनी त्याच्यावरच आपलं दुकान मांडलं. एकानं ह्यांना बंदुका दिल्या, एकानं त्यांना, आन जो तो म्हणायचा, आमी चांगल्यांच्या बाजूनं. तहाची बैठक भरली, ती आत पहिलं कोणी जायचं ह्याच्यावर मोडली. मग शांतिसेनेच्या ठाण्यापुढचं गाव जळालं. मुडदे उचलायला गहिनीनाथच गेलता.

सुट्टीवर आला तो पोळ्याला. वेशीतून पहिला बैल आसारामचा, आज्यापासूनचा मान. औंदा खालच्या आळीच्या बंकटनं आपला बैल शेजारी आणून उभा केला. दोन्हीकडं काठ्या निघाल्या.

"गहिन्या, कासरा तू धर," आसाराम म्हणला. "फौजीला कोण आडवा येतंय बघू."

"आरं जा बे!" बंकट ओरडला. "वरच्या आळीचं रगातच माजोरी हाय."

"आन तुमचं चोरटं!" आसाराम उलटला.

गहिनीनाथ दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. हेच बोलणं त्यानं तिकडं दुभाष्याकडून ऐकलं होतं. त्यानं कासरा आखडला, बैल बाजूला घेतला.

"बंकटआबा, न्या तुमचा."

हलगी थांबली.

"कावून रं?" आसारामनं इचारलं.

"दादा, पहिलं कोण, ह्याच्यापायी मेलेली माणसं उचललीत मी. तुला उचलायचं न्हाई मला."

बंकटचा बैल गेला. मागून आसारामचा. त्या दिवशी भावकीतलं कोणी आसारामकडं सणाचं जेवायला आलं न्हाई. सत्यभामाला, गहिनीनाथच्या बायकोला, नळावर बाया म्हणल्या, "फौजी म्हणं! बैल सुदिक पुढं नेता आला न्हाई."

सुट्टी संपली. मांजरसुंब्याच्या फाट्यावर पोचवायला आसाराम एकटाच गेला. वाटंत बोलला न्हाई.

"दादा, तू तरी बोल की."

"गाडी आली, चढ," आसाराम म्हणला, आन त्याची पेटी स्वतः उचलून वर दिली.

गावात आला तो सरळ पारावर. सगळी भावकी बसलेली.

"बैल माझा, मान माझा, सोडला माझ्या भावानं," तो म्हणला. "कोणाला काय म्हणायचं ते मला म्हणा."

सरकून जागा कोणी दिली न्हाई. आसाराम उभाच राहिला.