अबोल्याच्या वाटाघाटी

फुटबॉल वर्ल्ड कपच्या वर्षीचा उन्हाळा होता. कतारमधल्या आमच्या दोह्याचे रस्ते त्यासाठी उकरलेले, आणि त्यातच समुद्रापलीकडच्या इराणच्या अणुबॉम्बवर बोलणी करायला बडी मंडळी इथल्या एका हॉटेलात उतरली. बोलणी कसली डोंबलाची! अमेरिकेची माणसं एका खोलीत, इराणची दुसरीत, आणि मधला एक युरोपियन साहेब इकडचा निरोप तिकडे पोचवत हिंडतोय. एकमेकांचं तोंड म्हणून बघायचं नाही.

टीव्हीवर हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर अबोला!"

त्यांना कळणारच. त्या व्हिजिट व्हिसावर नाशिकहून आल्या त्या अबोल्यातच. मदिनत खलीफा भागातल्या एकाच व्हिलात वर आम्ही, खाली थोरले दीर आणि जाऊबाई. दिरांनी सगळ्यांसाठी मॅचची तिकिटं काढली आणि आमची दोन परस्पर आपल्या मॅनेजरला देऊन टाकली. झालं! माझ्या नवऱ्याने भावाशी बोलणंच टाकलं. दोघंही पन्नाशीचे, दोघंही इंजिनियर. अक्कल मात्र बेताची.

आईंचं मागणं एकच होतं. जायच्या आधी दोन्ही लेकांना शेजारी बसवून एकदा जेवू घालायचं. गुडघे गेलेले, पुन्हा येणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्याच गुडघ्यांनी आई दोघांचे निरोप घेऊन दिवसभर जिना चढायच्या-उतरायच्या. "त्याला सांग, गाडी नीट लाव." "त्याला सांग, पार्किंग त्याच्या एकट्याचं नाही." खालून आमटीचा डबा वर आणला तर नवरा म्हणे निवली. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!

त्या संध्याकाळी बातम्या बघताना नवरा उसळून म्हणाला, "समोरासमोर बसायला काय जातं ह्यांचं? लहान पोरं आहेत का?"

"अगदी हेच आत्ता खाली ऐकून आले," आई म्हणाल्या.

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. मला इतका संताप आला की रिमोट फेकून मारावासा वाटला.

आईंनी शुक्रवार ठरवला. पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं आमच्या टेबलावर. दीर म्हणाले, "इन्शाल्ला, येतो." इथे राहणाऱ्याला त्या इन्शाल्लाचा अर्थ सांगावा लागत नाही: बघू, बहुधा नाहीच. आईंना तो होकार वाटला. दीर म्हणे येणार, पण नवरा जिन्यात घ्यायला आला तरच. आणि नवरा? "तो आधी वर येऊ दे, मग मी उठतो." आई दोनदा खाली गेल्या, दोनदा वर आल्या. पोळ्या गार झाल्या. हॉटेलातली बोलणी तोवर मोडली होती. समोरचेच आडमुठे, असं दोन्हीकडचे सांगत घरी गेले. आमच्याकडेही तेच.

आई निघाल्या त्या दिवशी दोघांनी आपापली गाडी काढून दारात उभी केली. दोन गाड्या! आईंनी दोन्हींकडे पाहिलं आणि मला टॅक्सी बोलवायला लावली. एअरपोर्टवर मी पाया पडले. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

"मी आता यायची नाही," त्या म्हणाल्या. "दोघांनाही सांग. वेगवेगळं सांगावं लागेल तुला."