काळबांडे सरांची टिकली

काळबांडे सरांना हात हलवल्याशिवाय बोलताच येत नसे. आमच्या तंत्रनिकेतनात मी रुजू झालो त्या दिवशी संगणकाची महती सांगता सांगता त्यांनी माझ्या कपातला चहा माझ्याच शर्टावर उडवला. माफी वगैरे नाहीच. उलट म्हणाले, "चहा सांडला त दुसरा येते. तू आयक!" त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर कोणी बसत नसे.

वर्ध्याच्या दुकानांत वेब कॅमेरे दिसू लागले आणि सरांच्या डोक्यात किडा वळवळला. माउसला न शिवता, नुसता हवेत हात हलवून संगणक चालवायचा! "माणूस हातानं बोलते, मंग मशीनले काऊन नाई समजत?" दोन वर्षं आम्ही खपलो. कॅमेऱ्याला बोट काही ओळखू येईना, लाल रंग मात्र झटकन दिसे. सरांनी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली बोटाला चिकटवली आणि पडद्यावरचा बाण बोटामागे धावू लागला. काकू करवादल्या, "रिटायर व्हाले आले अन् टिकल्या लावून राह्यले!"

खरंच महिनाच उरला होता. पाहणीला येणाऱ्या समितीनं होकार दिला, तरच सरांना निवृत्तीनंतरही हे काम चालू ठेवता येणार होतं. स्वागताची जबाबदारी माझ्याकडे. रीतीप्रमाणे मी अध्यक्षांच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं आणि तिथंच माती खाल्ली.

प्रयोग जवळून बघायला अध्यक्ष सरांच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसले. सर बोट फिरवताहेत, पण बाण ऐकेना. टिकलीपेक्षा कुंकू मोठं. बाण अध्यक्षांच्या कपाळामागे लागला होता. "हे काही जमलेलं नाही," म्हणून त्यांनी मान हलवली, तशी पडद्यावरची चित्रं भराभर पालटली. सर आनंदानं ओरडले, "साहेब, थांबू नका! नाई म्हणा, अजून नाई म्हणा!" अध्यक्ष सोडून सगळे हसले.

नकार आला. मला सरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यांनी पाठीत धपाटा घातला. "लेका, हात नसला त डोक्यानं बी चालते, हे तुह्याच कुंकवानं दाखवलं."

पुढच्याच वर्षी सरांना लकवा मारला. हात गेले, वाचा गेली. मान तेवढी हलत होती. हात नसलेले काळबांडे सर मला बघवेनात. मी सिंदी मेघेच्या त्यांच्या घरी तो जुना कॅमेरा घेऊन गेलो, पडद्यावर अक्षरं मांडली आणि काकूंकडून टिकली मागून सरांच्या कपाळावर लावली. ज्या अक्षरावर बाण थांबेल, ते उमटायचं. अर्धा तास घामाघूम होऊन सरांनी पहिला शब्द जुळवला, 'चहा'. काकू लगबगीनं कप घेऊन आल्या. बाण पुन्हा फिरू लागला. 'त्याच्या शर्टावर.'

मी हसलो आणि मग लहान मुलासारखा रडलो.

दीड वर्ष सर असे कपाळानं बोलले. ते गेल्यावर काकूंनी टिकल्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "ने बाप्पा," त्या म्हणाल्या, "माह्यापेक्षा त्यायनंच जास्त लावल्या."