डोंगरगाडी आणि आईची एक फेरी

आमच्या जळगावात रोलर कोस्टर होता म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. तो माझ्या वडिलांनी बांधला होता आणि चार वर्षं त्याचा ब्रेक माझ्या हातात होता.

वडील पाइपच्या कारखान्यात फिटर. ऐंशीच्या दशकात त्यांनी धुळे रस्त्यालगतच्या मैदानात लोखंडी पाइप वाकवून दोन चढ-उतारांचा गोल रूळ उभा केला. मोटारीवरची साखळी गाडीला वर ओढायची, पुढे गाडी आपल्या वजनाने धावायची. फलाटापाशी दांडा ओढला की खालून लाकडी पट्टी तिच्या पोटाला घासायची आणि गाडी थांबायची. लोक तिला डोंगरगाडी म्हणत. बोदवड-फैजपूरहून माणसं यायची. बसली नाही ती फक्त माझी आई.

कारण पहिलाच दसरा. आईने गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. शिलाई मशीन असो की विहिरीवरची मोटार, पूजेच्या दिवशी यंत्राला तेल द्यायचं ही तिची रीत. तिने ब्रेकच्या पट्टीवरही वाटीभर तेल ओतलं. संध्याकाळी शेजारच्या सहा जणांना घेऊन गाडी आली, फलाट ओलांडून निघून गेली आणि पुन्हा साखळीवर चढली. वडिलांनी मोटार बंद केली तेव्हा ती चढावर अडकून राहिली. सगळे सुखरूप उतरले. तेल आपणच लावलं, असं वडिलांनी चारचौघांत सांगून टाकलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आई ताकाकडे बघायलाच तयार नव्हती. वडील दर दसऱ्याला विचारायचे आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "गाडीवर भरोसा शे माले, मना हातवर नही." स्वतःच्या हातावरच भरवसा नाही असं ती म्हणाली की वडील वरवर हसत, पण त्यांना ते लागायचं. मला आईचा रागच यायचा. अख्ख्या तालुक्याने बसून घेतलं आणि घरची बाई खाली उभी!

नव्वदीत मैदानाचे प्लॉट पडले. भंगारवाला ट्रक घेऊन आला, तर वडील म्हणाले, घरची बाई बसल्याशिवाय एक बोल्ट खोलू देणार नाही. तो बिचारा दोन दिवस येऊन परत गेला. वडिलांचा हट्ट मोडणार नाही हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी आई स्वतःहून आली. आधी तिने वाकून ब्रेकची पट्टी पदराने कोरडी पुसली आणि मगच वडिलांशेजारी बसली. मी मोटार सुरू केली.

उतारावर ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती मोकळ्या गळ्याने हसत होती. आईचं तसं हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी दांडा ओढला, गाडी जागच्या जागी थांबली.

आई उतरली आणि तिने वळून रुळाकडे पाहिलं. "इतला वरीस वाया गयात मना," ती म्हणाली.

"मनाबी," वडील म्हणाले आणि त्यांनी पाना भंगारवाल्याच्या हातात दिला.